भाऊजींचा आवाज आणि दोन कंपन्या

३ मार्च

चि. लांब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं जाडजूड पत्र पोचलं. तुझे भाऊजी रोज सकाळी ते मोठ्याने वाचायला बसतात. वाचायला म्हणजे काय, तोंड उघडतं, कपाळावर घाम येतो आणि पहिल्या अक्षरापुढे गाडी सरकत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात जड झालाय, लिहायला गेले तर नुसत्या रेघोट्या उमटतात. ज्या माणसाने जन्मभर बसस्थानकाच्या माइकवरून सगळ्या गावाला फलाट दाखवले, त्याला साधं पाणी मागता येत नाही रे. तरी तू लिहीत जा. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई, ज्यांना मी वाचाबाई म्हणते, सांगतात की आपल्या माणसाचं पत्र हाच सगळ्यात चांगला धडा.

आता मुख्य रडगाणं. वाचाबाई लांबच्या शहरात असतात, त्यामुळे धडा कॉम्प्युटरवर होतो. भाऊजी जिवाच्या आकांताने आवाज काढतात आणि नेमक्या त्याच वेळी बाई पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजतात! आमची निळ्या जाहिरातीची इंटरनेट कंपनी स्वस्त म्हणून घेतली, आता तीच म्हणते, जास्तीचे पैसे भरा, वेग तिप्पट करतो. लाल जाहिरातवाली वेगळंच सांगते. शेजारीण एकीचं गुणगान गाते, तिचा जावई दुसरीचं.

माझ्याकडून म्हणशील तर काडीची हयगय नाही. इंटरनेटच्या डब्याला धूळ लागू नये म्हणून मी त्याला छान गलेफ शिवलाय आणि तो लोखंडी कपाटात चादरींवर ठेवलाय. कपाटाच्या पाठीला गंजून भोक पडलंच होतं, त्यातून वायर आत घेतली. शिवणकामवालीच्या घरात धागेदोरे उडतात, काळजी घ्यायला नको?

तर कुठली कंपनी घेऊ ते कळव. पत्राची वाट बघते, माया आहेच.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

गलेफाचं वाचून खूप हसलो. तू उद्या फ्रीजलाही स्वेटर विणशील. कंपनीचं मात्र मी मन लावून बघितलं. लिफ्ट दुरुस्त करायला ज्या ज्या इमारतीत गेलो, तिथे पहारेकऱ्यापासून आजीबाईंपर्यंत सगळ्यांना विचारलं.

ऐक. सगळ्या कंपन्या घरात येणाऱ्या वेगाचा डंका पिटतात. आपल्याला हवा आहे घरातून बाहेर जाणारा वेग. बाईंचं आपल्याला ऐकू येऊन काय उपयोग, भाऊजींचा आवाज त्यांच्यापर्यंत जायला नको का? तुझ्या निळीच्या तिप्पट योजनेत येणारा तीनशे आणि जाणारा वीस. तोही वीस'पर्यंत', आणि हे 'पर्यंत' मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. शिवाय सवलत संपली की बिल दुप्पट. लालवाली येताना शंभर, जाताना शंभर देते. आज थोडी महाग वाटेल, पण वर्षाचा हिशेब केला तर तीच स्वस्त. लाल घे. बिल मी भरणार आहे, आणि त्यावर तू एक ओळही लिहायची नाहीस.

ताई, मी पहिल्यांदा नोकरीसाठी घर सोडलं तो दिवस आठवतो? फलाट चारवरून बस निघाली होती आणि तू दिलेला जेवणाचा डबा बाकावरच राहिला. तेव्हा भाऊजींनी सगळे नियम गुंडाळून माइकवरून जाहीर केलं होतं की फलाट चारच्या लांबलचक माणसाने खाली उतरावं, त्याच्या बहिणीने स्वयंपाक केला आहे. सगळी बस हसली, चालकाने ब्रेक लावला. परगावात पहिला घास खाल्ला तो त्या आवाजाच्या कृपेने. ते ऋण फिटायचं नाही, आणि फेडायची मला घाईही नाही.

दोघांनी तब्येतीला जपा. रागवायचं असेल तेव्हाही पत्राने रागवत जा.

तुझा लांब्या

२१ मार्च

चि. लांब्यास,
अनेक आशीर्वाद.

लाल आली. बसवणाऱ्याने खिडकीशी डबा धरून दाखवला, आकडे अगदी तू लिहिलेस तसेच. तो गेल्यावर मी गलेफ चढवून डबा त्याच्या जागी ठेवला आणि धड्याला बसलो, तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या! बाई थिजल्या त्या थिजल्याच.

त्यात तुझ्या भाऊजींचं नवीनच सुरू झालंय. धडा तुटला की डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवतात. मला वाटलं, थंडी वाजतेय, म्हणून शाल काढली. मानेनेच नाही म्हणाले. मग वाटलं, नोकरीची आठवण येतेय. त्यांचा गणवेशाचा कोट काढून समोर टांगला, तर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना रडवलं मी, लांब्या. मला काही म्हणजे काही कळत नाही त्यांचं.

वाचाबाई चांगल्या आहेत, पण त्यांनीही सांगितलं की पुढच्या धड्यालाही असंच झालं तर ही वेळ दुसऱ्या रुग्णाला द्यावी लागेल. रांगेत माणसं आहेत. आणि बोलणं परत यायचे हेच सुरुवातीचे महिने असतात म्हणे. मला फार भीती वाटते.

काहीतरी सुचव. लोभ तर आहेच, सध्या धीर पाठव.

तुझी ताई

२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

माझी अक्कल संपली. लालवाल्यांशी फोनवर भांडलो, ते म्हणतात तार उत्तम आहे. फार तर निळीची सगळ्यात महागडी योजना घेऊन बघू. आणि भाऊजी बोट दाखवतात ना, मग त्यांना घाई करू नकोस. जन्मभर त्यांनी सगळ्यांना नीट वाट दाखवली, आताही उगाच दाखवणार नाहीत.

तुमच्यात जीव अडकलेला,
लांब्या

२ एप्रिल

चि. लांब्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

निळीला काही कळवू नकोस. कुठल्याच कंपनीला कळवू नकोस. आधी मला दोन शिव्या घाल.

काल धडा सुरू झाला आणि बाई थिजल्या. मी कंपनीच्या नावाने खडे फोडत उठले, तेवढ्यात मागून टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला आणि भाऊजी म्हणाले, कपाट. लांब्या, स्पष्ट! माइकवरचा तोच आवाज, थोडा घोगरा. रडतरडतच मी कपाट उघडलं, म्हटलं, आता हवं ते मागा, सगळं काढून देते. दार उघडलं मात्र, इकडे पडद्यावर बाई हलायला लागल्या! भाऊजींनी पुन्हा म्हटलं, कपाट. या वेळी ते बाईंनी ऐकलं आणि त्याही डोळे पुसायला लागल्या.

मग उजेड पडला. लोखंडी कपाटाच्या बंद दारातून कसला वेग बाहेर पडणार? त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. आणि तू रे शहाण्या? दिवसभर लोखंडी लिफ्टमध्ये उभा असतोस, दार मिटलं की तुझा फोन मुका होतो, तरी तुला सुचलं नाही!

डबा आता खिडकीत उघडाच बसलाय. गलेफ तुला पाठवते, डोक्यात घाल. धड्याची वेळ आपलीच राहिली. तू लाल निवडलीस म्हणून आवाज आता थेट पोचतो, हे बाईच म्हणाल्या. तुझ्यासारखा भाऊ पाठीशी आहे, लांब्या, मी फार सुखी आहे. बिलाबद्दल एक ओळही लिहीत नाही, बघ.

खालचे शब्द भाऊजींचे आहेत. सांगायला त्यांना सगळी सकाळ लागली, मी फक्त उतरवून घेतले.

लांब्या. डबा... केलाय. फलाट चार. ये.