दोन घमेल्यांतले पऱ्हे

दिघोरी, १४ जानेवारी

प्रिय सूरज,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या डिंपलताईजवळ हे पत्र देतो आहे. ती उद्या तुमसरला येते आहे. आनंदाच्या घाईत लिहितो आहे. अक्षर सांभाळून घे.

तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या टिकारामच्या शेळ्या माझ्या धानाच्या बांधीत, धुऱ्याच्या कडेच्या कोपऱ्यात शिरल्या. बाजूला हिरवे गवत होते, तरी त्या पांढरी पडलेली मातीच चाटत होत्या. मी हाकलायला धावलो, तर आई म्हणाली, "मीठ असल्याबिगर त्या कायले चाटतीन?" मी हाकलायचे सोडून ती माती चाटून पाहिली.

आमच्या बोअरच्या पाण्यात खार आहे. उन्हाने पाणी उडून जाते, खार मातीत राहतो. तीन वर्षे उन्हाळी धानाचे पऱ्हे, लावणीची रोपे, मी त्याच कोपऱ्यात, त्याच पाण्यावर टाकले. खार साचला की मुळांना पाणी ओढता येत नाही. चिखलात उभे राहूनही रोप तहानेने जळते, शेंड्यापासून. मागच्या वर्षी जळले तसेच.

नुसत्या अंदाजावर आता माझा विश्वास नाही. कोपऱ्यातली माती दोन घमेल्यांत भरली, बुडाला भोके पाडली. एकातली माती तलावाच्या पाण्याने सहा वेळा धुतली, दुसऱ्याला बोअरचेच पाणी दिले. दोन्हींत मोजून वीस-वीस दाणे टाकले आणि घमेली छपरावर ठेवली, कोणाचा हात लागू नये म्हणून. काल मोजले. धुतलेल्या मातीत अठरा, हिरवेगार! दुसऱ्यात नऊ, तेही शेंडे करपलेले. मी अंगणात उड्या मारल्या. आई म्हणाली, आधी जेवून घे. पण मी पुन्हा ती घमेली पाहत बसलो. त्या दुसऱ्या घमेल्यावर कोणीच तणनाशक फवारले नव्हते.

मागच्या वर्षी यादोरावांच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, मी म्हणालो होतो की सूरजने तणनाशकाचा पंप माझ्या बांधीत धुतला, म्हणून पऱ्हे जळले. पाहिले काहीच नव्हते. त्यानंतर तुला फवारणीला कोणी बोलावले नाही आणि तू तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला गेलास. आज सकाळी दोन्ही घमेली घेऊन त्याच ओट्यावर गेलो. यादोरावांनी विचारले, "मंग त्या पोराचं नाव काहून घेतलं होतं गा?" चूक माझी होती, असे मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले. तुला लिहिताना मात्र तीन कागद फाडले. मला माफ कर, सूरज. यायचे की नाही ते तू ठरव. गावात आता कोणी बोट दाखवले, तर ते माझ्याकडेच असेल.

तू म्हणू देशील तर तुझाच,
भूपेंद्र