माझं ताट खाली उतरव

ती. ताईस, दवाखान्यातून तुझ्या हट्टी भावाचा नमस्कार.

मी ठीक आहे. अंगठी बोटातून निसटते म्हणून तिला दोरा गुंडाळलाय, एवढंच.

माझ्या मधुमेहावर अजून औषध निघालेलं नाही. पूर्वी म्हणे रोग्याला नुसतं मांस चारत, मग नुसतं दूध पाजत. आमचे डॉक्टर कोबी तीनदा उकडून, तिन्ही वेळा पाणी ओतून, उरलेला चोथा देतात. "उपाशी राहिलात तरच जगाल," म्हणतात. म्हटलं, मग जगतोच, बघा!

समोर बेकरी आहे. पावाच्या वासाने जीव कासावीस होतो म्हणून नर्सबाई खिडकी लावायला आल्या. मी लावू दिली नाही. वासाने काही साखर वाढत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? आपली धाकटी बहीण लिहिते, बघून रडू येतं म्हणून तू माझं ताट माळ्यावर टाकलंस. आजच उतरव आणि घासून ठेव. चोथाच खाईन, पण तुझ्यासमोर बसून, त्याच ताटात.

तुझा,
भुकेला भाऊ