विश्वनाथ ब्रास बँडचा बोर्ड

नागपूर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय कवडू,

तुला आणि सरिताला जोडीने आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. थंडी ओसरली, दुपारी पंखा लागतो. भिवापुरात मिरची वाळत पडली असेल आणि कांडपयंत्रावर तुझी धांदल असेल. अकरा वर्षांत माझा फोन तू एकदाही उचलला नाहीस, म्हणून हे पत्र स्पीडपोस्टाने पाठवतो आहे. पूर्ण वाच, मग फाडायचं तर फाड.

फ्लेक्सवाल्यांनी बोर्ड रंगवायचा धंदा खाल्ला, हे तुला माहीत आहेच. रविवारी हाताला काम नसतं, तेव्हा मी शहरातली चित्रप्रदर्शनं पाहत हिंडतो. अजब बंगला म्युझियममधलं चित्रदालन झालं, सिव्हिल लाइन्समधली दालनं झाली. आपण काही आर्ट कॉलेजात गेलो नाही, त्यामुळे मी प्रत्येक वस्तू तीनदा पाहतो. बहुतेक वेळा तीनदा पाहूनही डोकंच फिरतं. एका ठिकाणी भिंतीवर गेरूचा एक डाग, आणि त्याखाली दीड पान मजकूर. मजकुराचा कागदही अर्धा सूत वाकडा चिकटवलेला. दुसरीकडे गंजक्या सायकलींचा ढीग. मी वाकून पाहिलं तर वेल्डिंग कच्चं. तेवढ्यात पहारेकरी आला.

"काका, मागं सरका जी. हात नका लावू."

"हात कोण लावून राहिलं गा? वेल्डिंग पाहून राहिलो. कोणाच्या डोक्यावर पडन ना हे."

"पडू द्या. त्यायले तसंच पाहिजे म्हणतात."

मी दोन पावलं मागे सरकलो.

तर गेल्या रविवारी सिव्हिल लाइन्सकडच्याच एका दालनात गेलो. प्रदर्शनाचं नाव 'शहराची अक्षरं'. दुकानांवरून उतरवलेले जुने बोर्ड भिंतींवर टांगले होते. लोक त्या पत्र्यांपुढे उभे राहून फोटो काढत होते. मी तिसऱ्या भिंतीशी आलो आणि थांबलो. महाल भागातल्या विश्वनाथ ब्रास बँडचा बोर्ड. पिवळी अक्षरं, लाल सावली, दोन्ही टोकांना तुतारी. बाजूच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पत्र्यावर ऑइल पेंट, सात बाय तीन फूट, रंगारी अज्ञात.'

एक तर तो पत्रा आठ बाय तीन आहे. मी स्वतः कापून आणला होता. आणि अज्ञात? माझी कानशिलं तापली. प्रदर्शन मांडणारी भैरवी नावाची मुलगी तिथेच होती, अठ्ठावीस-तीस वर्षांची. तिला म्हटलं, "बाई, हा रंगारी अज्ञात नाही. तुमच्यासमोर उभा आहे."

"कशावरून, काका?"

"खालची लाकडी पट्टी काढा."

त्यांनी बोर्डाला शोभेची चौकट मारली होती. माणूस आला, त्याने चार स्क्रू काढले. पट्टीखाली, उजव्या कोपऱ्यात, 'शालिक आर्ट, १९९४'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा बोर्डाबरोबर फोटो काढला, तो आजच्या पेपरात आला आहे. भैरवीने नवी चिठ्ठी लावली, 'रंगारी: शालिकराम'. येत्या रविवारी, सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजता मी तिथे या बोर्डाबद्दल बोलावं असं ठरलं.

इथवर वाचून तू हसला असशील. हस.

गर्दी पांगल्यावर मी एकटा बोर्डापुढे उभा होतो. दालनात उजेड बाजूने, तिरपा सोडलेला आहे, त्यात रंगाचा उंचवटा दिसतो. बारा फुटांवर टांगलेल्या बोर्डाचा हा उंचवटा आपल्याला कधी दिसलाच नव्हता. भरलेला ब्रश जिथे टेकतो तिथे रंग जाड बसतो, उचलताना पातळ होतो. अक्षरांवरची आडवी रेघ मी डावीकडून ओढतो. या बोर्डावर जाड टोक उजवीकडे आहे. विश्वनाथ, ब्रास, बँड, तिन्ही शब्दांत. डावीकडच्या टोकांना रंग पातळ होत गेला आहे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

आपल्या दुकानात उजवीकडून रेघ ओढणारा हात एकच होता.

मग सगळं आठवलं. लग्नाच्या बँडचा बोर्ड, शुभकामाचा, तो डाव्या हाताने लिहिलेला गिऱ्हाइकाला चालायचा नाही. म्हणून तू शटर अर्धं पाडून लिहायचास, आणि कोणी आलं की ब्रश माझ्या हातात द्यायचास. मी तो धरून, जसा काही मीच लिहीत होतो, असा उभा राहायचो. हा बोर्ड तू तीन दिवस एकट्याने लिहिलास. मी चहा पीत 'ब'चं पोट जरा भर, एवढंच म्हटलं. चौथ्या दिवशी सही मात्र मी केली.

तू गेलास त्या दिवशी काय म्हणाला होतास, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. "दादा, एका तरी बोर्डावर माझं नाव टाक ना." एवढंच. आणि मी सरितादेखत म्हटलं, "डावखुऱ्याचा बोर्ड कोण घेईन गा?" तू ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवलास आणि भिवापूरची एसटी पकडलीस. लोकांना मी सांगतो, कवडूला मिरचीचा धंदा सुचला म्हणून गेला.

पण याहून वाईट गोष्ट आहे. मी मुद्दाम खोटं बोललो नव्हतो. मले खरंच आठवत नव्हतं. तीस वर्षं मी तो बोर्ड माझा सर्वांत चांगला बोर्ड म्हणून सांगत आलो.

आज सकाळी भैरवीकडे गेलो आणि सांगून टाकलं की बोर्ड माझा नाही, माझ्या धाकट्या भावाचा आहे.

"पण सही तुमचीच आहे ना, काका?"

"सही माझी. रेघ पाहा, जाड टोक कुठे आहे ते."

ती वाकली, डोळे बारीक करून पाहिलं. "मला तर दोन्ही टोकं सारखीच दिसतात." एवढी शिकलेली मुलगी, भिंतभर अक्षरं टांगणारी, आणि तिला रेघेचं टोक दिसत नाही. वर मला म्हणते, "तुमच्यासारखी नम्रता आजकाल कुठे पाहायला मिळते?"

कवडू, पंचावन्न वर्षांत मला कोणी नम्र म्हटलं नव्हतं. म्हटलं तेही नेमकं अशा वेळी.

मी तावातावाने पुन्हा समजावलं, तर तिथले आणखी दोघे जमले आणि कौतुकाने माना हलवू लागले. प्रदर्शनाची पुस्तिका माझ्या नावानिशी छापायला गेली आहे म्हणाले. चिठ्ठी अजून भिंतीवर आहे, माझ्या नावाची.

रविवारी तू ये. सकाळची पहिली एसटी धरलीस तर अकराच्या आत पोचशील. मी कोरा पत्रा आणि पिवळा ऑइल पेंट घेऊन येतो, ब्रश तुझा तू आण. सगळ्यांसमोर, भर उजेडात, डाव्या हाताने एक रेघ ओढ आणि ती बोर्डाशेजारी धरू. मग तिलाही दिसेल. न दिसून सांगते कोणाला.

तू नाही आलास तरी मी उभा राहून खरं तेच सांगणार आहे, त्याची काळजी करू नकोस. पण मी सांगितलं तर ते पुन्हा नम्रताच समजतील. तुझं नाव मी घेईन आणि टाळ्या मलाच पडतील. गेल्या रविवारी पडल्या त्या मी छाती काढून घेतल्या. आता घेववणार नाहीत.

माझ्याशी बोलावंच असं नाही. मला पाठ करून उभा राहिलास तरी चालेल. त्या बोर्डापुढे मात्र ये.

तुझा,
शालिकराम
('तुझा दादा' असं लिहिणार होतो. ते आता तू म्हणशील तर.)