दोघांच्या नावाचा पेपर

३ मार्च

साठ-चाळीस लिहिलं, खोडलं. सत्तर-तीस. तेही खोडलं. रकाना एवढासा आहे — ‘सहलेखकाच्या तुलनेत आपला वाटा, टक्क्यांत’. खाली दोघांच्या सह्या. कार्यालयातले कारकून म्हणाले, मॅडम, काहीही भरा, बेरीज शंभर झाली म्हणजे झालं.

सहलेखक एकच आहे. दोन वर्षांपूर्वी आमचा घटस्फोट झाला.

५ मार्च

कायम नोकरीसाठीचा माझा अर्ज परत का आला ते आज शांतपणे वाचलं. निवड समितीत गणिताचं कोणीच नाही. वैद्यकातल्या सदस्यांचा शेरा: बाईंचं नाव शेवटी, म्हणजे या प्रमुख, प्रत्यक्ष काम पहिल्याने केलं असणार. इंजिनिअरिंगवाल्यांचा शेरा: नाव शेवटी, म्हणजे मदतनीस. आमच्या गणितात नावं आद्याक्षरांप्रमाणे लावतात. त्याचं आडनाव आधी येतं — बस्स, एवढंच!

माझे एकटीचे पेपर अकरा. त्यांचे संदर्भ जगभरात मिळून वीसेक, त्यांतही निम्मे मीच माझे दिलेले. आपल्याच हाताने आपली पाठ. आमच्या शाखेत हे वाईट मानत नाहीत. शाखेत माणसंच मूठभर, आणि त्यांतली अर्धी एकमेकांशी बोलत नाहीत. पण या दोघांच्या पेपरचे संदर्भ हजारावर गेलेत. शाळेत कांजिण्या वर्गावर्गातून कशा पसरतात, त्याचं गणित. आता वणव्यांवर काम करणारे तो वापरतात, अफवांवर काम करणारे वापरतात. परवा वाहतूककोंडीवाल्यांनी वापरला.

तो माझा ठरला नाही, तर जूनमध्ये करार संपतो. नोकरीही.

८ मार्च

ताईला फोन केला. वाटलं होतं, हळहळेल. म्हणाली, “घर त्याला सोडलंस. भांडीकुंडी सोडलीस. आता डोकंही देऊन टाक.” मग, “जा आणि माग. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही गं.”

९ मार्च

गेले नाही.

११ मार्च

खरं काय ते निदान इथे लिहावं.

तो इस्पितळात बालविभागाचा डॉक्टर होता. घरी आला की बूट काढता काढता सांगायचा — खिडकीकडची मुलं आजारी पडली, भिंतीकडची नाहीत. मी विचारायचे, डबा कुठे बसून खातात? त्याला माहीत नसायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बघून यायचा. मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने ठिपके काढायचे, तो पाय टाकायला जागा शोधत चहा करायचा. एकदा कोणीतरी म्हणालं, आपण मुलांना ठिपके धरतोय, दारांना धरायला हवं. सगळा पेपर त्या वाक्यावर उभा आहे. कोण म्हणालं? माझ्या मते तो. त्याच्या मते मी. त्यावरून कडाक्याचं भांडलो होतो. दोघांनाही हरायचं होतं, असं ते एकच भांडण.

१४ मार्च

गेले. तपासणीच्या खोलीत होता. कानांजवळ पिकलाय. बस म्हणाला, मला बसवेना. समितीचे शेरे वाचून किंचित हसला — मी मदतनीस, यावर. मग पेन काढलं.

“माझ्यापुढे शून्य लिहितो.”

“खोटं आहे ते.”

“माझी नोकरी त्यावर अडलेली नाही. तुझी आहे.”

मी म्हटलं, अर्धं अर्धं लिहू. फरशीचंही बोलले. नको होतं बोलायला. त्याने मान वर केली नाही.

“मला त्यातलं काही नकोय गं.”

रागाने नाही. औषध कसं घ्यायचं ते सांगावं, तसं. सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि दारातल्या बाईंना म्हणाला, या, बाळाला आणा आत.

१५ मार्च

शून्य. शंभर. त्याच्या अक्षरात. त्याचं शून्य अजून वर उघडंच राहतं.

१७ मार्च

ठरलं. तो कागद जोडणार नाही. समितीला सरळ लिहीन — या कामात त्याचं-माझं वेगळं काढता येत नाही. काढता आलं असतं, तर ते काम झालंच नसतं. नोकरी जाईल. जाऊ दे! कोर्टात चमच्यांपर्यंत वाटणी झाली, पण हा पेपर कोणाच्या वाट्याला लावायचं वकिलांना सुचलं नव्हतं. एवढंच दोघांचं उरलंय. त्याला नको असेल. मला हवंय.

उद्या मुदत संपते. पत्र लिहून ठेवलंय.

१८ मार्च

सकाळी पत्र खणात ठेवलं आणि त्याच्या सहीचा कागद जोडून अर्ज पाठवला. सहलेखकाला नियमाप्रमाणे प्रत जाते. तासाभरात त्याचं उत्तर आलं — बरं केलंस.