बेली घराण्याचं मूळ गाव

वुडलँड्स, सिंगापूर
१० मार्च २०१५

ती. विनीतावन्संस,
सुचित्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत गार्गीच्या सासरची पूर्ण माहिती मिळाली नाही तर तिचं नावच गाळू, असं मनोहरभावजींनी कळवलं, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. एरवी तुमच्या गुडघ्याची चौकशी मी फोनवर केली असती. (तेल लावताय ना? नुसतं शेगडीशेजारी ठेवून उपयोग नाही.) मी बरी आहे. इथे बारा महिने घाम, त्यामुळे हवेविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

गार्गी टॉम बेलीशी लग्न ठरवून बसली आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोघं चांगीला एकाच ऑफिसात आहेत. मुलगा सरळ आहे, जेवल्यावर स्वतःचं ताट घासतो. मला एवढं पुरे होतं. भावजींना पुरत नाही. त्यांनी विचारलं, "बेली म्हणजे नक्की कोण?" मी म्हटलं, इंग्रज. "ते कळलं हो वहिनी, पण इंग्रजांतले कोण?"

आता याला काय उत्तर द्यायचं? पण तुमच्या गेलेल्या भावाच्या, म्हणजे ह्यांच्या, नावाखाली त्या पुस्तकात एकच ओळ आहे, ती गार्गीची. ती गेली तर ह्यांच्यापाशी शाखा संपली असं छापून येणार. तेव्हा मी चष्मा घेऊन इथल्या लायब्ररीत गेले आणि इंग्रजी आडनावांचे जाडजूड ग्रंथ काढून बसले. (बी.ए.ला इतिहास होता, त्याचा एवढाच उपयोग.)

निघाले तीन अर्थ. पहिला, जहागिरीचा कारभारी, वसुली करणारा. आपल्या कोर्टातला बेलीफ त्याच कुळातला. हे फोनवर सांगितल्यावर भावजी उसळलेच. (त्यांच्या दारी एकदा बेलीफ आला होता, त्या प्रकरणात मी शिरत नाही.) "जप्तीवाल्यांत मुलगी द्यायची?" मग दुसरा अर्थ सांगितला: किल्ल्याच्या बाहेरच्या तटालगत राहणारे. तर म्हणतात, "तटाच्या आत की बाहेर? बाहेर म्हणजे गावकुसाबाहेर का?" यापुढे ते जे बोलले ते मी कागदावर आणणार नाही. फोन मी आपटला. शिकलेल्या माणसाने दोन हजार पंधरा साली हे विचारावं, याची लाज मलाच वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. तिसरा अर्थ त्यांना मानवला. लँकेशायर परगण्यात या नावाचं गाव आहे, बेरीच्या रानातली मोकळी जागा असा त्याचा अर्थ लावतात. "बेरी म्हणजे बोरंच की! मग हे बोरगावकर. आधी नाही का सांगायचं? कुलस्वामी कोण?"

रविवारी टॉम जेवायला आला तेव्हा मी त्यालाच विचारलं, तुम्ही यांतले कोणते? गार्गी म्हणाली, "आई, प्लीज ला!" (हा 'ला' इथला. सात वर्षांत आमच्या घरात कायमचा राहायला आला.) टॉमने आमटी वाढून घेत शांतपणे सांगितलं की त्याच्या पणजोबांना हे आडनाव सावत्र वडिलांनी दिलं. मूळचं काय होतं ते कोणाला ठाऊक नाही, कोणी विचारलंही नाही.

वन्सं, मी तीन ग्रंथ वाचले हो!

गार्गी चिडली आहे. काकांनी पुन्हा एकदा विचारलं तर कोणाला न बोलावता सही करून मोकळी होईन म्हणते. तुम्ही भावजींच्या थोरल्या, तुमच्यापुढे त्यांचं चालत नाही. त्यांना बजावून सांगा: गार्गी, नियोजित पती टॉमस बेली, मूळ गाव ठाऊक नाही. खोटं एक अक्षर छापायचं नाही.

आपली,
सुचित्रा

ता. क. 'ठाऊक नाही' ला ते अगदीच तयार झाले नाहीत, तर बोरगाव लिहू द्या. पण ओळ राहू द्या.

ता. क. (१५ मार्च) पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात भावजींनी परस्पर टॉमला फोन लावून कुलस्वामी विचारला. काल लग्न झालं. लग्नाची नोटीस दोघांनी महिन्यापूर्वीच देऊन ठेवली होती, मला साक्षीदाराच्या सहीपुरतं बोलावलं. अक्षता मी पर्समधून नेल्या होत्या, त्या मी एकटीनेच टाकल्या. तेव्हा 'नियोजित' खोडायला सांगा.

काल सुपूर्द केलं ते असं: गार्गी, ह्यांची एकुलती एक, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. दोन्ही टॉमस बेली यांच्या हाती. पोच आली ती फक्त बरणीची. आवडलं म्हणतात.