अनिशचे जुलाब कुठून आले

आई-बाबा,

बाबा, अनिशचं डायपर बदलल्यावर तुम्ही साबणाने हात धुता का? हे तुम्हाला विचारायची माझी हिंमत नाही, असं माझ्या वर्गातल्या नूपुर अन् भैरवी म्हणाल्या, म्हणून विचारते.

मी संत्रं भरवलं म्हणून जुलाब लागले, असं आत्या सगळ्यांना सांगून राहिली. पण तो खोकल्यासाठी भरती झाला अन् जुलाब चौथ्या दिवशी लागले, बाजूच्या खाटेवरच्या बाळाला लागल्यानंतर. काल बाबा, तुम्ही डायपर बदलून नुसतं सॅनिटायझर चोळलं अन् लगेच त्याला खिचडी भरवली. सिस्टर म्हणाल्या, अशा विषाणूला साबणच लागतो.

शीचा रिपोर्ट संध्याकाळी येईल. तोवर माझा संशय कायम. आजपासून शाळा सुटली की मी थेट धंतोलीला दवाखान्यात येणार अन् अनिशला मीच भरवणार. हे विचारत नाही, सांगते आहे.

उत्तरा