भुरी उठली नव्हती

प्रिय रसिका,

तुला आणि शरूच्या दोन्ही गालांना माझा पापा. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. हे हाटाच्या दिवशी बिट्टन मार्केटला जातात, मी सांगितलेली सोडून भलतीच भाजी आणतात आणि वर माझ्याशीच वाद घालतात, म्हणजे तब्येत उत्तम समज. अक्षराला हसू नकोस हं. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून डब्यांवर ‘हळद’ आणि ‘जिरं’ एवढंच लिहीत आले.

तुझी बाळंतपणाची सुट्टी संपली की शरूला इकडे ठेवायचं, शाळेत जाईपर्यंत ती भोपाळलाच राहील, असं परागनं फोनवर सांगितलं आणि माझे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत. माळ्यावरून पाळणा काढला, परागचाच तो. ह्यांनी कड्यांना तेल घातलं तरी कुरकुरतोच. म्हटलं राहू द्या, पराग त्या कुरकुरीवरच झोपायचा. कॉलनीत पेढे वाटले. खालची प्रमिला दुबे म्हणाली, “आंटी, पोती तो बाद में आएगी, आप तो अभी से नाच रही हो!” नाचू नको तर काय करू ग? ह्या घरात लहान मूल रडल्याला किती वर्षं झाली.

तर भुरीचं सांगायचं होतं. आठवते ना, जिन्याखालची कुत्री? लग्नानंतर तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तुझी नवी चप्पल पळवली होती ती. ह्या थंडीत ती व्याली, दोन पिल्लं झाली. इकडे कुत्री व्याली की बायका तिला बाळंतिणीसारखं खायला घालतात. मी गुळाचा शिरा केला, प्रमिलानं सुंठ घालून हलवा केला, आणि बाईसाहेब दोन्हीकडचं खाऊन पोत्यावर पसरल्या. पिल्लं म्हणजे लोण्याचे गोळेच. प्रमिलाला एक पाळायचं होतं, दुसरं तिच्या मंडीदीपच्या बहिणीला हवं होतं. मग पिल्लू आईपासून कधी तोडावं, यावर जिन्यात पंचायत बसली. दूधवाला म्हणाला डोळे उघडले की झालं. समोरचे जितेंद्रजी म्हणाले दात येऊ द्या. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, मॅट्रिक झाल्यावर! गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले आठ आठवडे तरी आईजवळ राहू द्या. पण प्रमिलाला कुठला दम? म्हणाली, “छोटा लेंगे तभी तो हमारा होगा. बड़ा होके तो माँ को ही ढूँढेगा.” पिल्लं लटपट चालायला लागली न लागली, तोच दोन्ही एकाच दिवशी नेली.

आणि खोटं कशाला सांगू, प्रमिलाकडचं पिल्लू मजेत रमलं. एक रात्र कुंकूं केलं असेल तेवढंच. तिनं त्याला लाल स्वेटर विणला, बाटलीनं दूध पाजलं. मी रोज बघून यायचे आणि मनात म्हणायचे, बघ, लहानपणी आणलं की कसा लळा लागतो. शरूचंही असंच होईल. परागही हेच म्हणाला होता ना, लहान आहे तोवर पाठवतो, रडणार नाही, तिला आठवणारसुद्धा नाही.

भुरी मात्र सगळ्या मजल्यांवर हुंगत फिरत होती. शिऱ्याला तोंड लावेना. दूध दाटून तिचं पोट दगडासारखं झालं. परवा दुपारी मी प्रमिलाकडे बसले होते, दार उघडंच होतं, आणि ही उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. पिल्लू प्रमिलाच्या मांडीवर होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि ग, ते तिच्यावर भुंकलं. एवढंसं, चिरकं. सगळे हसले. प्रमिला म्हणाली, “देखो आंटी, अभी से पहरेदारी!” मीही हसले. मग खाली पाहिलं, तर भुरीचं दूध गळून फरशी ओली होत होती. ती भुंकली नाही, आत आली नाही. थोडी उभी राहिली आणि जिना उतरून गेली.

मला माझं माहेर आठवलं. आर्वीला आमच्याकडे कुत्र्या होत्या, त्यांची पिल्लं कुणी ओढून नेत नसे. पिल्लांना दात आले की ते आईला टोचायचे. मग ती पाजता पाजता उठायची, पिल्लं लोंबकळत असली तरी चालू लागायची. आधी थोडी लांब, मग जास्त. डॉक्टर आठवडे मोजतात ते खरंच असणार, पण आईचंही मोजायला हवं ना. आई आपणहून उठली की वय झालं. भुरी उठली नव्हती.

रसिका, त्या दिवशी फोनवर तू फक्त “हो आई” म्हणालीस आणि विचारलंस, आपल्या गॅलरीच्या खोलीत ऊन किती वाजता येतं. मी आनंदात होते, पाळण्याचं सांगत सुटले, तुला उत्तरच दिलं नाही. तुझी आई असती तर तिनं तुझा आवाज ओळखला असता. मला भुरीनं ओळखायला लावला. परागला मी नावं ठेवत नाही, त्याला वाटतं तुझी ओढाताण थांबेल आणि मलाही करमेल. करमेल ग, फार करमेल, त्याचीच तर भीती वाटते. वर्षभरानं तू दारात उभी राहशील, आणि शरू माझ्या मांडीवरून तुझ्याकडे परक्यासारखी बघेल, आणि लोक हसतील.

फोनवर पराग स्पीकर लावतो, म्हणून हे पत्र, तुझ्या एकटीसाठी. तू स्वतः उठली असशील तर शरूला खुशाल पाठव. कामाची ओढ असते, त्यात लाजायचं काही नाही, कुणी बोललंच तर मी बघून घेईन. पण तुला उठवलं असेल तर नुसतं “आई, या” म्हण. मी पाळणा घेऊन तिकडे येते, कुरकुरीसकट. ह्यांनाही आणते. घर सोडायचं त्यांचं वय कधीच उलटलंय, दोन दिवस कुंकूं करतील, मग रमतील. आणि ऊन सकाळी चहाच्या वेळेला येतं, बरोबर पाळण्याखाली. तिथे सध्या मी पोतं टाकलंय. भुरी निजते.

तुझीच,
आई (सुनंदा)